धुराला काय लागतं?

कॉलेजात तर्कशास्त्राच्या तासाला आम्हाला एक डोंगर भेटला होता. डोंगरावर धूर दिसतो, त्या अर्थी तिथे अग्नी आहे. हे शेंबड्या पोरालाही पटेल. गंमत पुढे होती. अग्नी आहे म्हणून धूर असेलच, असं म्हणता येत नाही. तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा बघा: अग्नी आहे, धूर नाही. धुराला ओलं सरपण लागतं. आर्द्रेंधनसंयोग! परीक्षेपुरता घोकलेला हा शब्द न्यू जर्सीतल्या तळघरात, खेळण्यातल्या इंजिनापाशी आठवेल असं वाटलं नव्हतं.

इंजिन लायोनेल या खेळण्यातल्या आगगाड्यांच्या कंपनीचं, 736 नंबरचं बर्कशायर (वाफेच्या इंजिनाचा एक प्रकार). हे मॉडेल 1950 साली निघालं. कंपनीचा कारखाना तेव्हा इथेच, अर्विंग्टनला होता. मला ते जुन्या सामानाच्या विक्रीत मिळालं. धावायचं झकास, पण धुराड्यातून निघायचा तो विझत्या उदबत्तीएवढा धूर. खेळण्यातल्या इंजिनाने धूर सोडावा हे खूळ लायोनेलने 1946 साली बाजारात आणलं. तेव्हा एका खास दिव्याच्या डोक्यावरच्या खळगीत धुराची गोळी वितळायची. पुढच्याच वर्षी दिव्याच्या जागी तापणारी तार आली.

धूर कमी, म्हणून मी गोळीऐवजी घालायचं धुराचं तेल जास्त घातलं. इंजिनाने गुळगुळ केलं आणि धुराड्यातून सरळ चूळ टाकली. होता तो धूरही गेला. तार तेलात बुडाल्यावर तापणार काय, कपाळ? चार-पाच थेंब पुरतात. दोष ना इंजिनाचा, ना ते बनवणाऱ्यांचा. घोळ माझ्या हाताचा.

मग टिपकागदाने तेल टिपून घेतलं आणि इंजिनातलं धूरयंत्र खोललं. आत नायक्रोम या मिश्रधातूची तापणारी तार, तिच्याभोवती वात, आणि शेजारी एक इवलासा दट्ट्या. चाकं फिरली की एक दांडी त्या दट्ट्याला वरखाली करते, तो छोट्या भोकातून हवा ढकलतो, आणि धूर फुस्स फुस्स करत बाहेर पडतो.

"ही फुंकणीच की रे!" आई म्हणाली. ती सहा महिन्यांसाठी आली आहे आणि तळघरात माझ्यावर लक्ष ठेवते. "धूर जावा म्हणून आम्ही जन्मभर फुंकलं. तू धूर यावा म्हणून खटपट करतोयस?"

मी आत फुंकर मारणार होतो, तेवढ्यात हात आखडता घेतला. त्या काळच्या धूरयंत्रांत अ‍ॅस्बेस्टॉसचं अस्तर असू शकतं, आणि त्याची धूळ फुप्फुसांना घातक. ते कोरडं खरवडायचं नाही, आणि फुंकायचं तर मुळीच नाही. ओलं करून अलगद काढलं. भोक बुजलेलं होतं. वर्षानुवर्षांच्या गोळ्यांचा राप साचला होता. बारीक तारेने मोकळं केलं. दट्ट्या हलत होता. तार तापत होती, जवळ बोट नेलं की कळायचं. वात मात्र जळून कोळसा झालेली, आणि आखडून तारेपासून सुटलेली. अग्नी होता, फुंकणी होती, तेलही होतं. संयोग नव्हता. मास्तर, तुमचा लोखंडाचा गोळा सापडला!

काचतंतूंची नवी वात बसवली, तारेला टेकेल पण गच्च होणार नाही अशी. थेंब मोजून घातले. तरीही धूर बेताचाच. इंजिन एकटं होतं, म्हणून मी ते हळू चालवत होतो. हळू म्हणजे रुळांत वीज कमी, तार कोमट, आणि दट्ट्याही आळसावलेला.

"त्याला डबे लाव की," आई म्हणाली. "नुसतं काय फिरवतोयस?"

आठ डबे जोडले. ओझं ओढायला ट्रान्सफॉर्मरची मूठ वर न्यावी लागली. दुसऱ्या फेरीला धुराड्यातून पांढरे गुबगुबीत गोळे निघायला लागले, छतापर्यंत. मी आईकडे बघितलं तर ती जागेवर नव्हती. स्टुलावर चढून, बाहेर बर्फ असताना, ती तळघराची खिडकी उघडत होती.