गाव नमुना चौदा ते ग्रीन कार्ड: आमची वाटचाल

आमच्या पाटीवर ‘इमिग्रेशन’ हा शब्द नाही. भाषांतर, प्रतिज्ञापत्र, कागदपत्रांची जुळणी, एवढंच लिहिलंय. तरी आठवड्यात एखादं घर विचारत येतंच, “मॅडम, कॅनडाचं पीआर किती दिवसांत करून देता?” पीआर म्हणजे तिथे कायम राहण्याची परवानगी. करून देत नाही, असं सांगितलं की निम्मे उठून जातात. कॅनडाच्या अर्जासाठी पैसे घेऊन सल्ला द्यायचा तर तिथला वकील, क्वेबेकचा नोटरी किंवा तिथल्या कन्सल्टंटांच्या कॉलेजकडे, म्हणजे त्यांच्यावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेकडे, नोंदलेला सल्लागार लागतो. सांगलीत बसून ‘शंभर टक्के गॅरंटी’ देणाऱ्याला हे एकदा विचारून बघा. आमचं काम त्याच्या अलीकडचं. माणूस अमुक गावी जन्मला, अमुक त्याची आई, अमुक दिवशी त्याचं लग्न झालं, हे कागदावर उभं करायचं. आणि हे सगळे कागद टोरांटोत किंवा न्यू जर्सीत मिळत नाहीत, तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये मिळतात.

आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, राजवाडा चौकाजवळ टायपिंगचा क्लास काढला होता. सकाळी पोरं मिनिटाला तीस-चाळीस शब्दांच्या परीक्षेसाठी की बडवायची, दुपारी कोर्टातले वकील अर्ज टाइप करून घ्यायला यायचे. पुढे परीक्षा कॉम्प्युटरवर गेल्या, कचेऱ्या विजयनगरला हलल्या आणि क्लास रोडावला. तोवर मिरजेच्या नर्स मुली यायला लागल्या होत्या. कुणी आखातात निघालेली, कुणी इंग्लंडला. शाळा सोडल्याचा दाखला इंग्रजीत करून हवा असायचा. आण्णांची दोन्ही भाषांवर पकड होती, माझं एम.ए. इंग्रजीत. असा आमचा धंदा बदलला, फार ठरवून काही नाही.

२०१५च्या जानेवारीत कॅनडाची एक्स्प्रेस एंट्री, म्हणजे शिकलेल्या कामगारांना पीआर देण्याची ऑनलाइन पद्धत, सुरू झाली आणि वालचंद कॉलेजच्या इंजिनिअरांची रीघ लागली. त्यांचे कागद सोपे. जन्म दवाखान्यातला, दाखला नगरपालिकेचा, मार्कशीट मुळातच इंग्रजी. खरं काम सुरू झालं ते ही पोरं तिकडे स्थिरावून आईवडिलांना बोलवायला लागली तेव्हा.

आईवडील म्हणजे चाळीस-पन्नासच्या दशकात तासगाव, आटपाडी, जतकडच्या एखाद्या वाडीत जन्मलेली माणसं. जन्म-मृत्यू नोंदणीचा १९६९चा कायदा आपल्याकडे १ एप्रिल १९७०पासून लागू झाला. त्याआधीचा जन्म असेल तर अमेरिकेच्या वकिलातीचा नियम बराच समजूतदार आहे: नोंद सापडत नाही असा दाखला आणि सोबत शाळेचा दाखला किंवा तसा दुसरा जुना पुरावा चालतो. पण शाळेच्या दाखल्यावर तारीख काय? एक जून. मास्तरांनी अख्ख्या वर्गाला एक जूनचं जन्माला घातलेलं. तीन भावंडं, तिघांचाही वाढदिवस एक जून, हे परदेशातल्या अधिकाऱ्याला पटणार कसं? त्यावर प्रतिज्ञापत्र करण्याआधी आम्ही गाव नमुना चौदा शोधतो. कोतवालाने ठेवलेली जन्म-मृत्यूची नोंदवही, लोक तिला कोतवाल बुकच म्हणतात. तीत तारीख खरी सापडते, नाव मात्र बरेचदा नसतं. बापाचं नाव आणि पुढे ‘मुलगी’. काही जुनी पानं मोडीत आहेत. मग मोडी वाचणारे एक निवृत्त गुरुजी गाठायचे, त्यांना चहा पाजायचा, घाई अजिबात करायची नाही.

आणखी एक गुंता खास आपल्या जिल्ह्याचा. १९४९मध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला, त्याचं नाव सांगली झालं ते १९६०मध्ये. मधल्या काळातल्या दाखल्यांवर ‘जि. दक्षिण सातारा’ असतं आणि पासपोर्टवर सांगली. भाषांतरात आम्ही मूळ आहे तेच ठेवतो आणि खाली दोन ओळींची टीप देतो. दाखल्यातली चूक भाषांतरात परस्पर दुरुस्त करून द्या, असा आग्रह धरणारे रोज भेटतात. त्यांना दार मोकळं आहे.

बायकांच्या नावांचं मात्र मला आजही सगळ्यात अवघड वाटतं. लग्नात नाव बदललं, बापाचं नाव जाऊन नवऱ्याचं लागलं, आडनाव गेलं; तीन शब्दांतला एकही उरला नाही. शाळेच्या दाखल्यावर एक बाई, मुलाच्या जन्मदाखल्यावर दुसरी, आधारवर तिसरं स्पेलिंग. अमेरिकेत भावाने बहिणीसाठी आय-१३०, म्हणजे नातेवाइकाला बोलवायचा अर्ज, भरायचा तर दोघांच्या जन्माच्या पुराव्यांवर एक तरी पालक सारखा दिसावा लागतो. थोरलीच्या वेळी आईचं माहेरचं नाव लिहिलेलं, धाकट्याच्या वेळी सासरचं, असं असलं की काम अडलं. मग लग्नाचा दाखला काढा. पन्नास वर्षांपूर्वीच्या लग्नाची नोंद कुणी केलेली नसते, म्हणून म्हातारा-म्हातारी ग्रामसेवकापुढे नमुना ‘ड’, म्हणजे लग्ननोंदणीचा अर्ज, भरायला बसतात, साक्षीदार शोधतात आणि पुरोहित कधीच वारलेला असतो. गरज पडली तर राजपत्रात नावबदल. प्रतिज्ञापत्रावर सगळं निभावून नेण्याकडे लोकांचा कल असतो. माझं मत उलट आहे. जुना सरकारी कागद एक जरी सापडला, तरी तो दहा प्रतिज्ञापत्रांना भारी पडतो.

भाषांतराचेही देशागणिक नियम. अमेरिकेला भाषांतरकाराचं सहीचं प्रमाणपत्र पुरतं: भाषांतर पूर्ण आणि अचूक आहे, मला दोन्ही भाषा येतात. नोटरीचा शिक्का ते मागत नाहीत, तरी लोक मारूनच मागतात. कॅनडाला प्रमाणित भाषांतरकार नसेल तर शपथपत्र लागतं, आणि घरच्या माणसाने केलेलं भाषांतर चालत नाही. वकील झालेली पुतणी असली तरी नाही.

सल्ला देत नाही म्हटलं, तरी रांगा किती लांब आहेत हे आम्हाला सांगावंच लागतं, कारण घरात त्यावरून गैरसमज फार. अमेरिकेच्या नागरिकाला वयाची २१ वर्षं पूर्ण झाल्यावर आईवडिलांसाठी अर्ज करता येतो आणि त्यांना कोट्याची रांग नाही. नुसतं ग्रीन कार्ड, म्हणजे नागरिकत्वाशिवाय कायम राहण्याचा परवाना, असलं तर आईवडिलांसाठी अर्जच करता येत नाही. भावंडांची गोष्ट वेगळी: भारतातल्यांचे जवळजवळ वीस वर्षांपूर्वी भरलेले नंबर आत्ता लागतायत. तोवर बहिणीची मुलं २१ पार होतात आणि तिच्याबरोबर जाण्याच्या वयाबाहेर पडतात. वयात थोडी सूट देणारा कायदा आहे, पण एवढ्या रांगेला तो पुरत नाही. हे ऐकून एका गृहस्थांनी फाईल मिटली आणि म्हणाले, “म्हणजे हे माझ्यासाठी नाहीच.” तरी अर्ज भरला. बहिणीने पाठवलेले पैसे फुकट जाऊ नयेत म्हणून.

कॅनडात पीआरवालाही आईवडिलांना स्पॉन्सर करू शकतो, पण बोलावणं सोडतीने येतं. २०२०मध्ये ज्यांनी नाव टाकलं, त्यांच्याच यादीतून पुढची कित्येक वर्षं सोडती निघाल्या. शिवाय क्वेबेक सोडून इतरत्र वीस वर्षांची हमी: आईवडिलांनी सरकारी मदत घेतली तर ती पोराने फेडायची. एवढं कळल्यावर बरीच घरं सुपर व्हिसावर, म्हणजे आईवडिलांसाठीच्या लांब मुदतीच्या भेटीच्या व्हिसावर, येतात. एका खेपेला पाच वर्षांपर्यंत राहता येतं आणि खरं सांगायचं तर इथल्या म्हाताऱ्यांना तेवढंच हवं असतं. द्राक्षाची छाटणी आली की त्यांचा जीव तिकडे लागत नाही.

२०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णा नदी सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांवर गेली तेव्हा आमच्या तळमजल्यात पाणी शिरलं. फायली वरच्या मजल्यावर होत्या, त्या वाचल्या. पण गावात कितीतरी घरांतले मूळ दाखले, जुने पासपोर्ट लगदा झाले, आणि पुढचं वर्ष नकला काढण्यातच गेलं. जुन्या पासपोर्टांची किंमत तेव्हा अनेकांना कळली. कॅनडाचं नागरिकत्व मागताना आधीच्या पाच वर्षांत १०९५ दिवस तिथे राहिल्याचा हिशोब द्यावा लागतो. पीआर मिळण्याआधी विद्यार्थी म्हणून काढलेला दिवस अर्धा धरतात, तोही जास्तीत जास्त ३६५ दिवसांपर्यंत. हा हिशोब ताडून बघायला शिक्के उपयोगी पडतात. लग्नाला आलो तो महिना, आजी गेली तेव्हाचे पंधरा दिवस, सगळं वजा.

नागरिकत्वाची शपथ झाली की भारताचं नागरिकत्व संपतं. भारतीय पासपोर्ट परत करायचा आणि हवं तर ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना इथे ये-जा करायला मिळणारं कार्ड, घ्यायचं. इथे गावाकडून हटकून एकच प्रश्न येतो: “सातबाऱ्यावरनं पोराचं नाव उडतंय का वो?” उडत नाही. भारतात राहत असताना मिळालेली किंवा वारसाने आलेली शेतजमीन त्याला ठेवता येते. नवी शेतजमीन विकत घेता येत नाही, मतदान करता येत नाही. चावडीवर मात्र कुणीतरी चुलता याच्या बरोबर उलटं सांगून मोकळा झालेला असतो.

म्हणून अलीकडे आमच्याकडे उलट्या दिशेचं काम वाढलंय. बाप गेला, थोरला कॅलगरीत, धाकटा गावात; वारस नोंद आणि फेरफार करायचाय. तिकडून भारतीय वकिलातीत सही केलेलं मुखत्यारपत्र येतं. ते इथे पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांक भरावा लागतो, नाहीतर दंडाची भानगड. पाकीट आलं की त्यावर पोचल्याची तारीख लिहून पाकीटही जपून ठेवा, असं आम्ही फोनवरच सांगतो. मुखत्यारपत्रातलं नाव आणि सातबाऱ्यावरचं नाव जुळतंय का, ते तलाठ्याकडे जाण्याआधी आमच्या टेबलावर तपासून घ्या. त्याचे पैसे आम्ही घेत नाही.