ओस्त्याक म्हणजे नक्की कोण?

जुन्या रशियन नकाशांवर पश्चिम सायबेरियात 'ओस्त्याक' हे नाव दिसतंच, आणि कहर म्हणजे हे एकच नाव तीन वेगळ्या लोकांना चिकटवलेलं होतं. साधे ओस्त्याक म्हणजे आजचे खांती, त्यांची भाषा हंगेरियनच्या नात्यातली. ओस्त्याक-सामोयेद म्हणजे सेल्कुप, ती नेनेत्स भाषेची चुलत बहीण. आणि येनिसेई ओस्त्याक म्हणजे केत, त्यांच्या भाषेचं या दोघींशी काहीच जमत नाही. पण झारच्या माणसांना कर म्हणून फर मिळाली की बस, कोण काय बोलतं याच्याशी काय घेणंदेणं?

नेनेत्स आणि त्यांच्या नात्यातल्या लोकांचं जुनं नाव 'सामोयेद' तर अजून वाईट, रशियन कानाला ते 'स्वतःलाच खाणारे' असं ऐकू येतं. कायद्यात १८२२ पासून या सगळ्यांना मिळून 'इनोरोद्त्सी', म्हणजे परक्या कुळातले. स्वतःच्याच नदीकाठी परके!

१९१७ च्या क्रांतीनंतर मात्र लोक स्वतःला जे म्हणतात तेच रशियनमध्ये घ्यायला सुरुवात झाली, चेरेमिसचे मारी झाले, तुंगूसचे एवेंक, वोत्याकचे उदमुर्त (त्यांच्या प्रांताचं नाव १९३२ मध्ये बदललं), आणि ओस्त्याक-वोगूल (वोगूल म्हणजे मानसी) जिल्हा १९४० मध्ये खांती-मानसी झाला. नेनेत्स, निव्ख, केत या नावांचा त्या त्या भाषेतला अर्थ नुसता 'माणूस'. सोव्हिएत सरकारच्या बाकी कारभाराबद्दल काहीही म्हणा, हे काम चांगलंच केलं. अर्थात 'राष्ट्रीय अल्पसंख्याक' या सरकारी शब्दाचं छोटं रूप 'नात्समेन', ते बोलण्यात हिणवायलाच वापरलं जायला लागलं, ते वेगळं.

हल्लीचा शब्द कानाला सगळ्यात गोड, 'रोद्नोय याझिक', मातृभाषा, आणि मला त्याचीच जास्त धास्ती वाटते. २०१८ च्या रशियन कायद्यानं शाळेत कुठली मातृभाषा शिकायची ते पालकांच्या अर्जावर सोडलं आणि त्या यादीत रशियनही आली. पुढच्याच वर्षी सप्टेंबरमध्ये उदमुर्त प्रांताच्या राजधानीत, इझेव्स्कला, उदमुर्त अभ्यासक अल्बर्ट राझीन यांनी प्रादेशिक संसदेसमोर स्वतःला पेटवून घेतलं, ते या भाषाधोरणाच्या निषेधात. कायद्यात उदमुर्त भाषेवर बंदी कुठेच नाही हो, पालकांनी अर्जात मातृभाषा म्हणून रशियन लिहिलं की त्या पोराचा उदमुर्तचा तास आपोआप गेला.