‘एप्रिलपर्यंत आहे की!’

परवा रात्री साडेनऊला आतेभावाचा फोन आला. पोरांना घेऊन 22 डिसेंबरला सिंगापूरला जायचंय, तिकिटं स्वस्त दिसतायत, आत्ताच काढून टाकतो म्हणाला. मी विचारलं, पासपोर्टची मुदत बघितलीस का?

"हो ताई, एप्रिलपर्यंत आहे की!"

साताऱ्यातल्या आमच्या ऑफिसात गेली सोळा वर्षं मी हे वाक्य ऐकतेय. सहली काढणारं छोटंसं ऑफिस आहे, त्यात व्हिसाच्या फायली माझ्याकडे असतात. महिना कुठलाही असो, हे वाक्य कानावर पडलं की मी हातातलं काम बाजूला ठेवते. भावालाही म्हटलं, थांब, पैसे भरू नकोस.

22 डिसेंबरपासून सहा महिने मोजले की 22 जून येतो. त्याचा पासपोर्ट एप्रिलअखेर संपतो. घरातल्या कपाटात तो चालू आहे, बँकेत ओळखपत्र म्हणून चालेल, पण सिंगापूरसाठी तो ऑक्टोबरअखेरच संपला. सिंगापूर, मलेशिया, इंडोनेशिया, दुबई, आपल्याकडची माणसं पहिल्यांदा जातात ती बहुतेक ठिकाणं तिथे पोहोचल्या दिवसापासून सहा महिन्यांची मुदत मागतात. पाहुणा आजारी पडला, मुक्काम लांबला, तरी परत जायला त्याच्या हातात चालू पासपोर्ट असावा, असा त्यांचा हिशोब. युरोपातल्या शेंगेन देशांत, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येतं त्या देशांत, तिथून निघाल्यानंतर तीन महिने मुदत उरावी लागते. म्हणजे आपल्या पासपोर्टवर तारीख एकच छापलेली असते, पण ती कुठवर चालणार हे जायच्या देशावर ठरतं.

हे मी इतकं घसा कोरडा करून का सांगते, त्याला कारण आहे.

2018 च्या मे महिन्यात आमचा चोवीस जणांचा ग्रुप बालीला निघाला होता. तेव्हा भारतीयांना इंडोनेशियात महिनाभरासाठी व्हिसाच लागत नव्हता. व्हिसा लागत नाही म्हटल्यावर पासपोर्ट आधी कुठल्या वकिलातीत जात नाहीत, त्यामुळे चूक पकडणारं मधलं कुणीच नसतं. ग्रुपमध्ये कराडचे एक काका-काकू होते. काका एसटीतून रिटायर झालेले. दोघांनी पासपोर्ट एकाच दिवशी काढलेले, 07/11/2008 ला, मुदत 06/11/2018 पर्यंत. ती यादी मीच तयार केली होती. मे मध्ये जायचं, नोव्हेंबरपर्यंत मुदत, आहे की भरपूर, असं मनात म्हणून मी पुढच्या नावावर गेले होते.

ग्रुपला सोडायला मी मुंबईला विमानतळावर गेले होते. काकूंनी दोन्ही बॅगांच्या मुठींना लाल काठाच्या जुन्या साडीची पट्टी बांधली होती, उतरल्यावर फिरत्या पट्ट्यावर बॅग ओळखता यावी म्हणून. काउंटरवरच्या मुलीने काकांचा पासपोर्ट उघडला, स्क्रीनकडे बघितलं, पुन्हा पासपोर्टकडे बघितलं आणि तिच्या साहेबांना बोलावलं. काका पासपोर्टवर बोट ठेवून सांगत होते, "हे बघा, नोव्हेंबर लिहिलंय. आत्ता मे चाललाय." साहेब आवाज न चढवता म्हणाले, "सर, एकोणीस तारखेला तुम्ही तिथे उतरणार. एकोणीस नोव्हेंबरपर्यंत मुदत हवी." तेरा दिवस कमी पडले.

त्या माणसाचा राग मला आला नाही, अजूनही येत नाही. काउंटरवर टिमॅटिक नावाची एक प्रणाली असते, विमान कंपन्यांची जागतिक संघटना आयाटा ती चालवते. कुठल्या देशाला कुठला पासपोर्ट किती मुदतीचा चालतो हे त्यात असतं. तिथे नाही म्हटलेला प्रवासी नेला, तर त्याला परत आणायचा खर्च आणि दंड कंपनीच्या गळ्यात पडतो. चूक माझी होती. बावीस माणसं आत गेली. काकूंनी बरोबर आणलेले शेंगदाणा चटणीचे पुडे ग्रुपमधल्या बायकांच्या हातात दिले, "तुम्ही तरी खा गं," म्हणाल्या, आणि आम्ही तिघं गाडीत बसून परत फिरलो. खोपोलीच्या पुढे कधीतरी काका म्हणाले, "बाई, तुम्ही रडू नका." पैशांचं ऑफिसने पुढे निस्तरलं. पासपोर्ट नवे करून जानेवारीत त्या दोघांना बालीला पाठवलं. पण तो रात्रीचा रस्ता माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

तेव्हापासून माझी एक सवय आहे. पासपोर्ट हातात आला की त्याची झेरॉक्स काढायच्या आधी मी छापलेल्या तारखेतून सहा महिने वजा करते आणि येईल ती तारीख झेरॉक्सच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहून गोल करते. परतीची तारीख त्या गोलाच्या अलीकडे असेल तरच तिकीट. नियम पोहोचण्याच्या दिवसापासून मोजतो, मी परतीपासून मोजते. आठ दिवसांची सहल असेल तर आठ दिवसांनी काही बिघडत नाही.

जुन्या पासपोर्टची तारीख चांगली असूनही तो चालत नाही, असंही होतं. आमच्या बाबांनी 1996 मध्ये मस्कतच्या नोकरीसाठी पासपोर्ट काढला होता, वीस वर्षांचा. त्या काळी तसे काही काळ देत. शाईच्या पेनाने लिहिलेलं नाव, चिकटवलेला फोटो, त्यावर पिवळट पडलेलं लॅमिनेशन. मुदत ऑगस्ट 2016 पर्यंत. 2016 च्या जानेवारीत त्यांना जुन्या मित्रांना भेटायला मस्कतला जायचं होतं, सहा महिन्यांचा हिशोबही बसत होता. पण नागरी विमान वाहतुकीची आंतरराष्ट्रीय संघटना आयकाओ हिने हाताने लिहिलेले पासपोर्ट बंद करण्यासाठी 24 नोव्हेंबर 2015 ही शेवटची तारीख ठरवली होती. फोटोच्या पानाखाली दोन ओळी असतात ना, बाणासारख्या खुणा आणि आकड्यांच्या, प्रत्येक ओळीत 44 अक्षरं, त्या मशीन वाचतं. बाबांच्या पासपोर्टात त्या ओळीच नव्हत्या. बाबा म्हणाले, सरकारने स्वतःच्या शिक्क्याने 2016 लिहून दिलंय. खरं होतं त्यांचं. तरी मी त्यांना नवा काढायला लावला. आता तसे पासपोर्ट उरले नाहीत, पण त्या दोन ओळी आजही महत्त्वाच्या आहेत: पाणी लागून त्या पुसट झाल्या, किंवा पान सुटायला लागलं, तर तारीख कितीही लांबची असो, पासपोर्ट बदलून घ्या.

आणि घाबरून नको ते बदलू नका. चिप बसवलेला ई-पासपोर्ट आल्यापासून मला रोज कोणीतरी विचारतं, चिप नसलेला जुना आता बाद का? नाही. त्याची मुदत संपेपर्यंत तो चालतो. तसंच, रद्द झालेल्या जुन्या पासपोर्टात अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा असेल आणि त्याची मुदत बाकी असेल, तर नवा आणि जुना दोन्ही बरोबर ठेवून जाता येतं. तो जुना माळ्यावर टाकू नका, एका काकांनी टाकला होता आणि दोन दिवस घर उपसलं. दुबईला जाणाऱ्यांनी नावही बघावं. पासपोर्टवर आडनाव नाही, नुसतं एकच नाव आहे, अशांना नोव्हेंबर 2022 पासून यूएईच्या, म्हणजे दुबई ज्या देशात आहे त्याच्या, पर्यटक व्हिसाला अडचण येऊ शकते.

भावाला सांगितलं, मुदत संपायच्या एक वर्ष आधीपासून नव्यासाठी अर्ज करता येतो, आजच भर. छत्तीस पानी पासपोर्टचे 1500 रुपये, तत्काळ हवा तर वर 2000. अजून वेळ आहे, तत्काळची गरज पडणार नाही.

"बरं, मग माझा आणि हिचा करतो," म्हणाला. "पोरांचे नवीनच आहेत."

"नवीन म्हणजे कधीचे?"

"आमच्याबरोबरचेच ना, नंतर काढलेत थोडे."

मोठ्यांचा पासपोर्ट दहा वर्षांचा असतो, लहान मुलांचा पाच वर्षांचा. त्याला म्हटलं, फोन चालू ठेव आणि कपाट उघड. किल्ली सापडेना म्हणून वहिनीला हाक मारली, मग प्लॅस्टिकच्या पिशवीचा आवाज आला. थोरल्याची तारीख त्याने वाचली, पुढच्या वर्षीचा ऑगस्ट. तो चालेल. मग धाकटीचा उघडला आणि पलीकडे नुसतीच शांतता.

"ताई," तो म्हणाला, "हिचा तर जूनमध्येच संपलाय."