निळा दिवा

गाडी घेतली डिसेंबरात. सेकंडहँड, नंबर एमपी ०७ म्हणजे ग्वाल्हेरची, नऊ वर्षं जुनी, पण पॉलिश अशी मारलेली की शेजारच्या काकू म्हणाल्या नवी घेतली का गं, आणि मीही लगेच नाही म्हटलं नाही.

चालू केली की डॅशबोर्डवर एक निळा दिवा लागायचा, त्यावर पाण्यात बुडवलेल्या थर्मामीटरचं चित्र. अर्थ एवढाच की इंजिन अजून गार आहे, थोडं चालवलं की विझतो. आमचा विझायचा इंदूरच्या पलासिया चौकातल्या सिग्नलला, तिथे उभं राहून राहून कोणाचंही इंजिन तापेल म्हणा. पण बायपासला लागून साठ-सत्तरचा स्पीड धरला की परत हजर. पहिले दोन आठवडे मला तो चक्क आवडला होता, निळा रंग छान दिसतो रात्री.

जानेवारीत सासूबाईंना देवासच्या टेकडीवर न्यायचं ठरलं. दरवर्षीचं आहे ते, तुळजाभवानी आणि चामुंडा दोघींचं दर्शन, आणि सकाळी सहालाच निघायचं कारण नंतर गर्दी होते. इंदूरहून पस्तीस-छत्तीस किलोमीटर. बाहेर नऊ-दहा डिग्री असेल, मी मोठ्या रुबाबात हीटरचा नॉब लाल बाजूला शेवटपर्यंत फिरवला आणि मांगलिया गेलं, शिप्रा गेलं, देवास आलं तरी आतून गारच हवा. मागून आई म्हणाल्या, "हा हीटर आहे का खिडकी उघडी राहिलीये?" शालीतून फक्त नाक दिसत होतं.

ज्याला सांगावं तो म्हणायचा, गार राहतंय ना इंजिन? मग बरंच की! नवरा, दीर, ऑफिसातले दोघं, सगळ्यांचं तेच. चूक त्यांचीही नाही. आपल्याकडे गाडीचा आजार म्हणजे तापणे, लहानपणी मानपूरच्या घाटात बोनेट उघडून वाफ सोडत उभ्या असलेल्या गाड्या आम्ही मोजत जायचो. इंजिन गार राहणं हा पण बिघाड असतो हे कोणाच्या डोक्यात शिरतच नाही. माणसाला ताप आला की डॉक्टर, आणि बीपी लो असलं की "थोडं मीठ-साखरेचं पाणी घे", तसंच हे. इकडे पेट्रोल मात्र दणकून लागत होतं, शहरात बाराच्या वर अॅव्हरेज जाईना, कारण इंजिन गार आहे असं कॉम्प्युटरला वाटत राहतं आणि तो बिचारा जास्त पेट्रोल पाजत राहतो.

मग मीच वाचायला बसले आणि कळलं की इंजिन आणि त्याचं पाणी गार करणारा रेडिएटर यांच्या मध्ये एक वॉल्व असतो, थर्मोस्टॅट. इंजिन गार असताना तो दार लावून बसतो, पाणी आतल्या आत फिरतं आणि पटकन तापतं, ऐंशी-ब्याऐंशी डिग्री झाली की दार उघडून पाणी रेडिएटरकडे सोडतो. यात ना वायर ना सेन्सर, पितळी डबीत मेण भरलेलं असतं, ते वितळून फुगतं आणि दांडी ढकलतं, थंड झालं की स्प्रिंग दार परत लावते. बस. आणि गाडीचा हीटर म्हणजे वेगळी शेगडी नसते, याच गरम पाण्यावर फुंकर मारून हवा आत सोडतात, म्हणजे इंजिनच कोमट तर आईंना ऊब कुठून मिळणार.

तपासायची सोपी पद्धतही होती. सकाळी गाडी चालू करून रेडिएटरच्या वरच्या पाइपला हात लावायचा, तो बराच वेळ गार राहून मग एकदम तापला पाहिजे. माझा पहिल्या मिनिटापासून हळूहळू कोमट व्हायला लागला, म्हणजे दार उघडंच. गाउनवर स्वेटर घालून बोनेटमध्ये हात घालून उभी मी, आणि दूधवाला भैया फाटकाशी थबकलेला.

मेकॅनिकनी ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मैडम, ये वॉल्व तो ठंडे मुलुक के लिए है, निकाल के फेंक दो, अपने यहाँ इसका क्या काम." मी म्हटलं, भिया, आधी उघडून तर बघा. दोन नट काढले, कूलंट म्हणजे इंजिनचं ते पाणी टबात सोडलं, झाकण उचललं आणि तो हसायलाच लागला. आत वॉल्व नव्हताच! होतं नुसतं बाहेरचं कडं, मधलं सगळं कोणीतरी छिन्नीने तोडून काढलेलं आणि कडं तेवढं परत बसवलेलं, लीक होऊ नये म्हणून. बाळाच्या हातातल्या वाळ्यासारखं दिसत होतं. ग्वाल्हेरचा मे महिना मी पाहिलाय, पंचेचाळीसच्या वर जातो पारा, गाडी कधीतरी तापली असेल आणि कोणीतरी आधीच्या मालकाला हाच "निकाल के फेंक दो" सल्ला दिला असेल. त्याचं बहुतेक उन्हाळ्यात भागलं आणि हिवाळा आमच्या वाट्याला आला.

नवा वॉल्व सातशेला मिळाला, त्यावर बारीक अक्षरात ८२ कोरलेलं. पण एकदा पोळल्यावर विश्वास कसा ठेवणार, बसवायच्या आधी घरी आणला. आई ओट्याशी. "चहाच्या पातेल्यात नाही हां." म्हणून माळ्यावरचं चेमटलेलं अॅल्युमिनियमचं पातेलं काढलं, वॉल्वला दोरा बांधून पाण्यात सोडला, तळाला टेकू दिला नाही. घरात थर्मामीटर तापाचा, तो बेचाळीसला संपतो, त्यामुळे अंदाजपंचेच. पाण्याला तळाशी बुडबुडे आले, वॉल्व ढिम्म. वाफ आली, ढिम्म. मी म्हटलं गेले सातशे. आणि मग एकदम नाही, अगदी सावकाश, मधली चकती कडेपासून सुटली, आधी केसाएवढी फट, मग करंगळीचं टोक जाईल एवढी. आवाज नाही काही नाही. बाहेर काढून धरला तर तसाच सावकाश मिटायला लागला.

आईंनी पोळी तव्यावर तशीच ठेवून बघितलं. म्हणाल्या, "परत कर." परत केलं. पोळी करपली.

दुसऱ्या दिवशी वॉल्व बसला, नवं कूलंट भरलं, हवा काढली, आणि निळा दिवा गल्लीच्या तोंडाशीच विझला. बायपासलाही परत आला नाही. आईंना मुद्दाम पुढे बसवलं होतं, हीटर सोडला तर पाच मिनिटांत शाल मांडीवर.

येताना पलासियाला सिग्नलवर उभे होतो आणि बोनेटखालून एकदम घूंऽऽ करून मोठा आवाज सुटला. माझ्या पोटात गोळा. दीड महिन्यात असला आवाज ऐकलाच नव्हता, गाडी बंद करायला किल्लीवर हात गेला आणि मग लक्षात आलं की रेडिएटरचा पंखा आहे, इंजिन पंखा लागण्याइतकं आजवर तापलंच नव्हतं.

"आता काय झालं गं?" आई म्हणाल्या.

"काही नाही, पंखा लागला."

"मग बंद कर की, थंडी आहे."