फोटोवरून सायकल ओळखण्याबद्दल

महिन्यातून दोन-तीनदा तरी कोणीतरी डबल शॉकअपच्या, म्हणजे पुढे आणि मागे दोन्हीकडे शॉकअप असलेल्या, जुन्या सायकलचा फोटो पाठवून ती कोणत्या कंपनीची आणि किती सालची, असे विचारतो. सायकल घेऊन संभाजीनगरला या, किंवा मी तिकडे येतो, असे मी कळवले की लगेच दुसरा प्रश्न येतो : फोटोवरून सांगायला तुमचे काय जाते? माझे काहीच जात नाही. गेले ते जालन्याच्या एका गृहस्थांचे.

फोटोवरून काहीच कळत नाही, असा माझा दावा नाही. 1990 नंतरच्या दहा वर्षांत प्रत्येक कंपनी मागचे चाक वरखाली हलवण्याची आपापली युक्ती शोधत होती, त्यामुळे त्या काळच्या फ्रेमा माणसांच्या चेहऱ्यांइतक्या वेगळ्या आहेत. स्पेशलाइज्ड कंपनीच्या एफएसआर मॉडेलला मागच्या आसाच्या जरा पुढे, खालच्या नळीवर एक सांधा असतो, तो हॉर्स्ट लाइटनर या अभियंत्याच्या रचनेतला. माझ्याकडची प्रोफ्लेक्स कंपनीची सायकल वाळूजला कामासाठी आलेल्या एका परदेशी अभियंत्याने जाताना मागे ठेवलेली. तिच्या मागच्या शॉकअपमध्ये स्प्रिंग नव्हे, रबरासारखे ठोकळे होते, आणि मी ती उघडली तेव्हा त्यांचा खड्याच्या हिंगासारखा चुरा हातात आला. हे फोटोत दिसत नाही. ब्रेक फोटोत दिसतात, पण व्ही-ब्रेक, म्हणजे रिमला दोन्ही बाजूंनी दाबणारे लांब दांड्यांचे ब्रेक, 1996 च्या सुमारास आले म्हणून सायकलही त्यानंतरचीच, असे मानण्यात अर्थ नाही. ब्रेक कोणताही मिस्त्री बदलून देतो.

आता जालन्याची गोष्ट. आठ वर्षांपूर्वी त्या गृहस्थांनी एकच फोटो पाठवला. इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराची फ्रेम, तिच्यावर हिरवा ऑइल पेंट, वर पत्र्याचे मडगार्ड, कॅरियर आणि डबल स्टँड. सोबत लिहिले होते की ही धाकट्या भावाने परदेशातून आणलेली सायकल, तो आता नाही, घर रिकामे करतो आहोत, तेव्हा ही ठेवण्यासारखी वस्तू आहे का ते सांगावे. आणखी दोन वाक्ये होती : बसून चालवली की ती मऊ लागते आणि पायडलवर उभे राहिले की मागून कडक होते; भाऊ ती एका हाताने उचलून माडीवर नेत असे.

मी कार्यालयात होतो. दोन मिनिटांत उत्तर लिहिले : ‘बाजारू नक्कल आहे, ठेवण्यात अर्थ नाही.’

माझ्या बाजूने सांगायचे तर, ट्रेक या अमेरिकी कंपनीने 1995 च्या सुमारास वाय फ्रेम आणल्यावर त्या आकाराच्या लोखंडी नकला जगभर इतक्या निघाल्या की असा फोटो आला की दहातल्या नऊ वेळा ती नक्कलच असते. उभे राहिल्यावर कडक होण्याचे म्हणाल, तर पायडलचा आस मागच्या हलत्या भागावर बसवला की तसे होतेच, आणि नकलांचीही रचना बहुधा तीच असते. पण एका हाताने माडीवर नेत असे, हे वाक्य मी वाचले होते. लोखंडी नक्कल घेऊन जिना चढून पाहिलेला माणूस ते वाक्य सोडून पुढे जात नाही, आणि मी तसा जिना चढलेलो होतो.

चार महिन्यांनी ते स्वतः आले. नातवाच्या सायकलला बसेल का म्हणून मागचा डिरेलर, म्हणजे गिअर बदलताना साखळी सरकवणारा भाग, वर्तमानपत्रात गुंडाळून आणला होता. रॉकेलने पुसल्यावर डिओर एक्सटी, म्हणजे शिमानो कंपनीच्या वरच्या दर्जाच्या मालाच्या नावाची, अक्षरे वर आली आणि आतल्या बाजूला टीजे असा बारीक ठसा दिसला. शिमानोच्या त्या ठशात पहिले अक्षर सालाचे आणि दुसरे महिन्याचे असते. ए म्हणजे 1976 धरून मोजले की टी म्हणजे 1995, आणि जे म्हणजे ऑक्टोबर. बाजारू नकलेला असा डिरेलर कोणी लावत नाही. मी विचारले, ‘काका, फ्रेम कुठे आहे?’

ते म्हणाले, ‘भंगारवाल्याने बाकी सगळे 280 रुपयांना नेले हो, पण मधला तुकडा घेतला नाही. चुंबक लावून पाहिला, चिकटला नाही. कानशीने घासला तर आत काळे निघाले. म्हणाला, हे लोखंड नाही, ॲल्युमिनियम नाही, याला भाव नाही.’ तो तुकडा महिनाभर परसात पडून होता आणि मग कचऱ्याच्या गाडीत गेला.

वरच्या मॉडेलांच्या वाय फ्रेमचा तो मधला भाग कार्बन फायबरचा असे. लोखंडाच्या भट्ट्यांच्या त्या शहरात भंगारवाल्याने चुंबक आणि कानस वापरून जे पाहिले, ते करा असे मी त्यांना एका ओळीत कळवू शकलो असतो.

तरी ती ट्रेकच होती, असे मी आजही छातीठोकपणे सांगू शकत नाही, कारण फ्रेम मी डोळ्यांनी पाहिली नाही. डिरेलर दुसऱ्या सायकलचाही असू शकतो. मीच कधी म्हणतो की समोर होते त्यावरून उत्तर बरोबर होते. मग मीच म्हणतो की मला उत्तर मागितले होते, अंदाज नव्हे. हा वाद सुटलेला नाही.

त्यांना मी यातले काही सांगितले नाही. डिरेलर नातवाच्या सायकलला बसवून दिला आणि पैसे घेतले नाहीत, याचे त्यांना नवल वाटले. परवा त्यांनी पुन्हा एक फोटो पाठवला आहे, शेजाऱ्यांच्या पत्र्याखाली उभ्या असलेल्या सायकलचा, आणि खाली लिहिले आहे : ‘मागच्यासारखे लगेच सांगा.’ येत्या रविवारी जालन्याला जाणार आहे.