लॉबस्टर रोल: दादाचं बटर आणि वहिनीचं मेयो

जुलैमध्ये दादाकडे अमेरिकेत कनेक्टिकटला गेले होते, तिथून गाडीने मेन राज्यात निघालो आणि अख्ख्या रस्त्यात विषय एकच, लॉबस्टर रोल, म्हणजे लॉबस्टरचं मांस भरलेला पाव, खायचा कसा. दादाच्या मते रोल गरमच हवा, वरून वितळलेलं बटर, बास. कनेक्टिकटमधल्याच मिलफर्डला पेरीज नावाचं हॉटेल होतं तिथे १९२० च्या दशकात हा गरम रोल सुरू झाला म्हणतात, त्यामुळे दादाला तो अगदी घरचा वाटतो. वहिनी आधी पोर्टलंडला राहिलेली, म्हणजे मेनवाली. तिचं म्हणणं, लॉबस्टर उकडून गार करा, मेयोनीजचा नुसता हात लावा.

पहिला रोल कनेक्टिकटमध्येच, नोअँकला ॲबट्समध्ये खाल्ला, पाण्याच्या काठावर बाकड्यावर बसून. तिथे पाव चक्क गोल, आणि बटर मनगटापर्यंत ओघळलं. मस्तच होता, पण खरं सांगू, अर्ध्यानंतर मला बटरचीच चव येत होती.

मधे एका ठिकाणी मेयो आणि सेलरीत लॉबस्टर शोधावा लागला, तेव्हा वहिनीच जाम चिडली, म्हणाली याला आमचा रोल म्हणू नका.

मग मेनमध्ये विस्कॅसेटला रेड्स ईट्स. रूट १ वर पुलाजवळच लाल टपरी आणि ही रांग! तासाभराने हातात आला तो रोल बघून मी गप्पच झाले. पाव वरून चिरलेला, त्याच्या बाजूंना कडक साल नसते म्हणून दोन्ही बाजू तव्यावर बटरमध्ये खरपूस भाजतात, आणि त्यात एका अख्ख्या लॉबस्टरहून जास्त मांस, काहीही न कालवता. बटर आणि मेयो वेगळं मिळतं, ज्याला जे हवं ते.

वर नांगीचा आख्खा तुकडा होता, लालसर, मऊ. आपल्याकडच्या शेवंडीला अशा नांग्या नसतातच, सगळा माल शेपटीत, म्हणून मला हे अप्रूप. आणि उन्हाळ्यात कात टाकलेले लॉबस्टर येतात, त्यांच्यात मांस कमी भरतं पण गोड असतं. तो गोडवा गार खाल्ला तरच नीट कळतो असं माझं ठाम मत झालंय, भाजलेल्या पावातलं बटर तेवढं पुरे. मेयोसुद्धा मी बोटभरच घेतलं.

दादा काही ऐकेना, नांगी बटरमध्ये बुडवून खात होता. वहिनीने शेवटी आपला एक घास त्याच्यापुढे धरला. खाल्ला त्याने, मान डोलावली, म्हणाला, "गोड आहे गं... पण गार आहे."