परीक्षेच्या टेन्शनमुळेच ना?

तुम्ही विचारलंत म्हणून. जिन्यात, भाजीच्या गाडीपाशी, परवा केळवणातसुद्धा. "परीक्षेच्या टेन्शननंच तिला फिट आली ना?" पुढचं तुम्ही बोलत नाही, पण मला ऐकू येतं: टेन्शन दिलं कुणी, आईनंच ना?

हो, लेकीवर रागावले होते. अनंत चतुर्दशीला संध्याकाळी, गणिताच्या पेपरवरून. मग रात्रभर ढोल-ताशे. सदाशिव पेठेत झोप कुणाला? पहाटे साडेतीनला तिचं अंग ताठ झालं, डोळे वर गेले. शेजारच्या काकू कांदा फोडून आल्या, कुणी दातांत घालायला चमचा आणला. मी तो ढकलला आणि तिला कुशीवर वळवलं. एवढंच ठाऊक होतं. पाच मिनिटांपुढे गेलेली फिट आपोआप थांबेल म्हणून वाट बघायची नसते, हे माहीत नव्हतं. घरात मिडाझोलमचा, म्हणजे फिट थांबवणाऱ्या औषधाचा, नाकात मारायचा फवारा नव्हता. रस्ते बंद. तिच्या बाबांनी तिला उचलून मिरवणुकीतून वाट काढली. दवाखान्यात इंजेक्शन मिळेपर्यंत बावीस मिनिटं गेली होती.

मग मी वाचत सुटले. फिट लांबली की मेंदूतल्या पेशी ग्लुटामेट, म्हणजे एकमेकींना निरोप द्यायचं रसायन, ओतत राहतात, पुढच्या पेशीत कॅल्शियम घुसतं, अति झालं की ती पेशी मरते. संशोधक जॉन ओल्नी यांनी १९६९ साली ग्लुटामेटनं होणारं असं नुकसान उंदरांत दाखवलं. पुढे दुसरे संशोधक रॉबर्ट सापोल्स्की यांना दिसलं, की ताणाचं हार्मोन उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमधल्या, म्हणजे मेंदूतल्या आठवणींच्या भागातल्या, पेशींना ग्लुकोज कमी घेऊ देतं, आणि अशा उपाशी पेशी तो मारा सोसू शकत नाहीत. जास्तीचं इंधन दिलं की नुकसान घटतं.

त्या रात्री मी ठरवून टाकलं, मीच. आज त्या बाईशी मी भांडते: अगं, ते उंदीर, हार्मोनचे डोस भरपूर, तुझं ओरडणं एका संध्याकाळचं. आणि जागरण? डॉक्टरांनी बोट ठेवलं ते त्यावर. पण खरं सांगू? एकच संध्याकाळ नव्हती. आठवीपासून चाललं होतं.

ग्लुटामेट अडवणारी औषधं प्राण्यांत चालली, पक्षाघाताच्या रुग्णांत (तिथंही ग्लुटामेटचा असाच मारा होतो) मात्र अपेशी ठरली. म्हणजे पेशी वाचवायला माझ्या हातात आहे ते इतकंच: गोळी चुकू द्यायची नाही, झोप मोडू द्यायची नाही, फिट लवकर थांबवायची. फवारा आता तिच्या दप्तरात असतो, एक माझ्या पर्समध्ये. विसर्जनाला आम्ही मामाकडे कोथरूडला जातो.

तेव्हा "टेन्शनमुळेच ना?" याला माझ्याकडे हो नाही, आणि नाहीही नाही. पुन्हा कधी धावत आलात, तर चमचा आणू नका. घड्याळ बघा.